दुखणे कोणाचे?

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपल्या घरांत इतकी मुरली आहे की ती तपासून पाहण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. मुलाने पाढ्यांचा कंटाळा केला, मुलीने रियाजाला नाक मुरडले, की ही म्हण आपण त्यांच्या पुढ्यात ठेवतो आणि मोकळे होतो. म्हण खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण ती दगडाविषयी आहे, आणि दगडाला गुडघे नसतात.

गुडघ्यांचा हा विचार माझ्या डोक्यात शिरला तो माझ्या वर्गातल्या एका मुलीमुळे. वय अकरा. शाळा सुटली की ती जिम्नॅस्टिक्स शिकायला जाते. वर्गात तिचा उजवा पाय बाकाबाहेर सरळ पसरलेला असतो आणि जिना उतरताना ती कठडा धरून, एखाद्या आजीबाईसारखी, एकेक पायरी उतरते. मी विचारले, "काय ग, पाय दुखतो का?" ती चटकन म्हणाली, "नाही सर." मग थोड्या वेळाने, आवाज खाली आणून, "आमच्या क्लासच्या सरांना सांगू नका हं." दुखणे तिचे, पण ते आहे की नाही हे ठरवण्याची मुखत्यारी तिने दुसऱ्याच कोणाला देऊन टाकली होती.

माझे शरीरशास्त्र मॅट्रिकपुरतेच. तरी डॉक्टर मंडळी जे सांगतात ते समजायला फार विद्वत्ता लागत नाही. मांडीचा पुढचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून खाली येतो आणि नडगीच्या हाडावर, वाटीच्या जरा खाली, एका उंचवट्याला घट्ट बांधलेला असतो. मोठ्या माणसात ते हाड पक्के असते. वाढत्या मुलात तो उंचवटा अजून कूर्चेचा, म्हणजे कोवळाच असतो. त्यातून वाढीच्या वयात हाडे भराभर लांबतात आणि स्नायू मागे रेंगाळतात, त्यामुळे ओढ आणखी वाढते. अशा पायांनी रोज शेकडो उड्या मारायच्या, आणि प्रत्येक उडी उतरताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार गुडघ्यांनी झेलायचा! मग तो कोवळा उंचवटा सुजतो, हात लावला तरी ठणकतो. १९०३ साली अमेरिकेतल्या ऑसगुड आणि स्वित्झर्लंडमधल्या श्लाटर या दोन डॉक्टरांनी हे दुखणे वेगवेगळे वर्णिले. आजही ते त्यांच्याच जोडनावाने ओळखले जाते. उड्या कमी केल्या आणि वाढ पुरी झाली की ते बहुधा बरे होते. ते मुलींना गाठते साधारण दहा ते तेरा या वयात, म्हणजे नेमके ज्या वर्षांत जिम्नॅस्टिक्सची शिकवणी सर्वांत कडक असते त्याच वर्षांत.

याचा अर्थ मुलांना कसरत शिकवू नये असा कोणी घेतला, तर तो वेडगळपणा होईल. कष्टाशिवाय कोणतीच विद्या येत नाही, हे शिक्षकाला सांगावे लागत नाही. आगरतळ्याच्या दीपा कर्माकरने २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये 'प्रोदुनोवा' नावाची उडी मारली. हवेत पुढच्या बाजूने दोन कोलांट्या घेऊन पायांवर उतरायचे, अशी ती भयंकर उडी. दीपा चौथी आली. कांस्यपदक अवघ्या ०.१५ गुणाने हुकले. पुढे २०१७ साली तिच्या गुडघ्यातला लिगामेंट दुखावला, शस्त्रक्रिया झाली. २०१८ साली तुर्कस्तानातल्या मर्सिन येथे ती पुन्हा उभी राहिली आणि सुवर्णपदक घेऊन आली. २०२४ साली ती निवृत्त झाली. हा धोका तिने पत्करला तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. उडी काय आहे, पडले तर काय होईल, हे तिला ठाऊक होते. तिच्या धैर्यापुढे मी मान लववतो.

तशीच मान शुन फुजिमोतोपुढेही लवते. १९७६ साली मॉन्ट्रिऑलच्या ऑलिंपिकमध्ये जमिनीवरच्या कसरतीत या जपानी खेळाडूच्या गुडघ्याची वाटी मोडली. संघाचे धैर्य खचू नये म्हणून तो बोलला नाही. तशाच पायाने त्याने पॉमेल हॉर्सवर ९.५ गुण मिळवले. मग रिंग्जवर चढला, उंचावरून त्याच मोडक्या गुडघ्यावर उतरला आणि ९.७ गुण घेतले. जपानच्या संघाने सोव्हिएत युनियनला ०.४० गुणांनी मागे टाकून सुवर्णपदक जिंकले. गोष्ट रोमांचकारक आहे. परंतु पुन्हा असे कराल का, असे पुढे विचारल्यावर त्याच फुजिमोतोने सरळ नाही म्हटले, हा तिचा उत्तरार्ध आपण मुलांना क्वचितच सांगतो.

फुजिमोतो त्या वेळी सव्वीस वर्षांचा होता. 'मी थांबतो' असे म्हणायला त्याला जीभ होती, आणि म्हणूनच त्याच्या न थांबण्याला मोल आले. अकरा वर्षांच्या मुलीला ती जीभ कोठून असणार? दुखते म्हटले तर संघातून नाव कमी होईल, सर रागावतील, फी भरणाऱ्या वडिलांचा चेहरा उतरेल. या सगळ्या भीतीपोटी ती गप्प राहते आणि आपण टाळ्या वाजवून म्हणतो, "पोर मोठी सोशिक हो!" नाही म्हणण्याची मोकळीक नसलेल्याचे सोसणे हे धैर्य नव्हे, नुसता आज्ञाधारकपणा आहे. त्याचे श्रेय घेण्याचा हक्क मोठ्यांना मुळीच नाही.

जागतिक संघटनेने १९९७ पासून मुलींना मोठ्या गटात उतरायला सोळा वर्षांची अट घातली, हे चांगलेच झाले. पण स्पर्धेचे वय नियमाने ठरते, शिकवणीचे ठरत नाही. तेथे नियमाची जागा शिक्षकाच्या कानाने घ्यायची असते. अंग मोडून येणे आणि सांधा दुखणे यांत फरक आहे: पहिले रात्रीच्या झोपेने जाते, दुसरे त्याच जागी, त्याच बोटाखाली पुन्हा पुन्हा येते. हा फरक बाहेरून दिसत नाही. तो फक्त मूल सांगू शकते, आणि सांगितल्याने आपले काही जाणार नाही अशी खात्री असेल तरच ते सांगते.

शेवटी त्या म्हणीकडेच पाहू. जाणता मूर्तिकार टाकी उचलण्यापूर्वी दगड वाजवून पाहतो. बद्द आवाज आला तर आत कोठे तडा आहे हे तो ओळखतो आणि हात आवरतो. म्हणीत घाव तेवढे उरले, हे ऐकणे गळून गेले. वाचकहो, या सुटीत मुले घरी आहेत, हुंदडत आहेत. त्यांच्यातले एखादे जिना जरा जपून उतरताना दिसले तर कोठे दुखते ते विचारा, आणि पहिल्या 'नाही' वर उठून जाऊ नका. खरे उत्तर यायला थोडा वेळ लागतो.