परक्यांची फायनल

वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी एक गाव आहे. गावात पोरांचं कबड्डीचं मंडळ आहे आणि कबड्डीवाल्या पोरांना क्रिकेटचंही तितकंच वेड. २०१९ च्या जुलैत भारत विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत गेला, तेव्हा पोरांनी फायनल खिशात असल्यासारखीच तयारी केली. रविवारी १४ जुलैला लॉर्ड्सवर आपणच खेळणार, म्हणून वर्गणी काढली, मांडववाल्याकडून मोठा पडदा आणि प्रोजेक्टर ठरवला, निम्मे पैसे आगाऊ देऊन टाकले. समाजमंदिरात खुर्च्या लावायच्या, दोनशे वडे तळायचे, जिंकल्यावर वेशीपासून मारुतीपर्यंत मिरवणूक काढायची, सगळं ठरलं.

बुधवारी मँचेस्टरला सगळं बारगळलं. पावसामुळे दोन दिवस चाललेल्या त्या सामन्यात न्यूझीलंडच्या २३९ धावांचा पाठलाग करताना रोहित, राहुल आणि विराट प्रत्येकी एक धाव काढून परतले. जडेजानं ७७ धावा काढून जीव आणला. मग ४९ व्या षटकात धोनी दुसऱ्या धावेसाठी वळला आणि मार्टिन गप्टिलची फेक थेट यष्ट्यांवर आली. धोनीची बॅट रेषेपासून दोन-चार बोटं लांब होती. आपण १८ धावांनी हरलो. मंडळाचा अध्यक्ष, चोवीस वर्षांचा दणकट गडी, त्या रात्री न जेवता झोपला.

मांडववाला आगाऊ रक्कम परत द्यायला तयार नव्हता. पडदा नको म्हणावं तर पैसे बुडणार, लावावा तर बघायचं कुणाला? शनिवारी संध्याकाळी पारावर हाच घोळ चालला होता, तेव्हा पंचमामा तिथं बसले होते. हे मामा म्हणजे कबड्डीचे जुने पंच. उभा जन्म शिट्टी तोंडात धरून जत्रेजत्रेला फिरलेले, म्हणून साऱ्या गावाचे पंचमामा.

"पैसं दिल्यात न्हवं? मग लावा की पडदा," मामा म्हणाले.

"आपलं कोणच न्हाय मामा त्या मॅचमधी."

"माझं कवा कोण हुतं रं? जलमभर परक्यांच्याच फायनली बघितल्या मी. पंचाला आपला संघ नसतो, म्हणून त्याला सगळी मॅच दिसती."

पोरांना ते फारसं पटलं नाही. पण अध्यक्षाच्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. न्यूझीलंड हरताना बघायचं, गप्टिलचं तोंड पडलेलं बघायचं. त्यानं मिरवणुकीसाठी आणलेली फटाक्यांची माळ घरातून काढून समाजमंदिराच्या कट्ट्यावर ठेवली आणि सांगितलं, "न्यूझीलंड हरलं की लावायची."

रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला तिसेक माणसं जमली. बाहेर आषाढाची झड लागलेली, शेतात काम नव्हतं, हेही एक कारण. बहुतेकांनी न्यूझीलंडवरचा राग म्हणून इंग्लंडची बाजू घेतली. दोघा-तिघा वयस्कांनी, इंग्रजाच्या बाजूनं बसायला जीभ रेटत नाही म्हणून, न्यूझीलंड धरलं. रागानं किंवा जुन्या हिशेबानं घेतलेल्या या बाजू पहिले दोन-तीन तास पुरल्या. गप्टिल १९ धावांवर वोक्सच्या चेंडूवर पायचीत झाला, तेव्हा शिट्ट्या वाजल्या. त्यानं दाद मागितली, ती फेटाळली गेली आणि न्यूझीलंडची एकुलती एक दाद संपली. पुढे रॉस टेलरला पायचीत दिलं तेव्हा चेंडू यष्ट्यांच्या वरून जाताना पडद्यावर स्पष्ट दिसला, पण दाद मागायची सोय उरली नव्हती.

"ह्यो आऊट न्हवता," मामा म्हणाले.

"मग बरंच झालं की," कुणीतरी म्हणालं.

मामांनी त्याच्याकडे मान वळवून पाहिलं. बोलले काही नाहीत.

न्यूझीलंडच्या ८ बाद २४१ झाल्या. चांगले खेळाडूही ज्या खेळपट्टीवर चाचपडत होते तिथं एवढ्या धावा पुरेशा होत्या, हे पुढच्या दीड तासात कळलं. इंग्लंड ४ बाद ८६. मग स्टोक्स आणि बटलर जमले. दिवेलागणीनंतर समाजमंदिरात बायकामाणसंही येऊन टेकली. फोनमध्ये तोंड घालून बसलेल्या एका कॉलेजच्या पोरानं वाचून दाखवलं की स्टोक्सचा जन्म न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चचा. "मग ह्यो कुणाकडनं खेळतोय?" एका आजीनं विचारलं. इंग्लंडकडनं, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "माह्यार तिकडं आन सासर हिकडं, आसं व्हय." त्यानंतर दर चेंडूला त्यांचा जीव स्टोक्समध्ये अडकला.

त्याच पोरानं थोड्या वेळानं गप्टिलचंही काही वाचलं. २०१५ च्या विश्वचषकात सगळ्यांत जास्त धावा त्याच्या होत्या. या वेळी दहा डावांत मिळून दोनशेही झाल्या नव्हत्या. आणि लहानपणी फोर्कलिफ्टखाली सापडून त्याच्या डाव्या पायाची तीन बोटं गेलेली. राहिली दोन. अध्यक्षानं ते ऐकलं. दोन वेळा विचारलं, "खरंच?" आणि मोबाइल हातात घेऊन स्वतः वाचलं.

४९ व्या षटकात स्टोक्सनं नीशमला उंच मारलं. सीमेजवळ बोल्टनं झेल घेतला, पण मागं पडलेलं पाऊल सीमारेषेच्या गादीवर गेलं. पडता पडता त्यानं चेंडू गप्टिलकडे टाकला. टाकेपर्यंत उशीर झाला होता. इथं समाजमंदिरात निम्म्यांना वाटलं आऊट, निम्म्यांना वाटलं षटकार. मैदानातही बहुतेकांना तेव्हा नक्की कळलं नसावं. गप्टिलला कळलं होतं, तो शेजारीच होता. चेंडू हातात असताना त्यानं दोन्ही हात वर केले आणि षटकाराची खूण केली. आपल्याच संघाविरुद्ध, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, आठ चेंडू उरलेले असताना.

पंचमामा खुर्चीवरून उठले. "बघितलंसा? पंचाच्या आधी त्यानं हात वर केलं."

आता कॅमेरे इतके असतात की खोटं टिकलंच नसतं, असं कुणी म्हणेल. मला तो हिशेब अपुरा वाटतो. त्या क्षणी माणूस कॅमेऱ्याचा विचार करत नाही. जे आत असतं ते हातावाटे बाहेर येतं. कबड्डीत पूर्वी हे रोज दिसायचं. निसटता स्पर्श झाला, पंचाला दिसला नाही, तरी बचावपटू हात वर करून स्वतः बाहेर जायचा. मामांनी असे कितीतरी हात पाहिले होते. आणि गेल्या काही वर्षांत ते कमी कमी होतानाही पाहिले होते. पोरं मैदानात बेंबीच्या देठापासून ओरडून नाही म्हणतात, प्रेक्षक त्याहून मोठ्यानं ओरडतात, आणि पंच एकटा पडतो.

शेवटच्या षटकात १५ हव्या होत्या. बोल्टचे पहिले दोन चेंडू कोरे गेले. तिसऱ्यावर षटकार. चौथ्यावर स्टोक्स दुसरी धाव घेताना झेपावला, गप्टिलची फेक त्याच्या बॅटला लागून सीमेपार गेली, आणि दोनाच्या सहा झाल्या. स्टोक्सनं लगेच दोन्ही हात वर करून माफी मागितली. चार दिवसांपूर्वी ज्या हातानं धोनीला बाद केलं, त्याच हाताची फेक आता त्याच्याच संघावर उलटली होती. आदल्या रात्रीपर्यंत अध्यक्षानं देवाकडे हेच मागितलं असतं. पण तो डोक्याला हात लावून बसला होता. "आरं, त्याची काय चूक ह्यात?" एवढंच तो म्हणाला. पुढं जाणकारांनी सांगितलं की फेक झाली तेव्हा फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलं नव्हतं, म्हणून पाचच धावा द्यायला हव्या होत्या. सायमन टॉफेलसारख्या पंचानंही ते सांगितलं. शेवटच्या दोन चेंडूंवर दोन धावा आणि दोन धावबाद. दोघांच्याही २४१. बरोबरी.

सुपर ओव्हरला बाहेर पावसाचा आवाज वाढला होता, म्हणून कुणीतरी दार लोटून घेतलं. इंग्लंडनं १५ काढल्या. न्यूझीलंडला जिंकायला १६ हव्या होत्या. नीशमनं आर्चरला षटकार मारला, पाच चेंडू तोच खेळला. शेवटच्या चेंडूला समोर आला गप्टिल, पूर्ण सुपर ओव्हरमधला त्याचा पहिला चेंडू, हव्यात दोन. त्यानं चेंडू मिडविकेटकडे ढकलला आणि धावला. एक झाली. वळला. रॉयची फेक आली, बटलरनं यष्ट्या उडवल्या. दोन बोटांच्या पायावर धावणारा तो माणूस झेपावूनही रेषेपासून लांब राहिला. पुन्हा बरोबरी. इंग्लंडचे चौकार-षटकार २६, न्यूझीलंडचे १७, म्हणून इंग्लंड विजेते.

मध्यरात्र झाली होती. लॉर्ड्सवर इंग्लंडचे खेळाडू धावत सुटले होते, आणि त्यांच्यातला ख्रिस वोक्स मात्र गप्टिलपाशी थांबला होता.

न्यूझीलंड हरलं होतं. एका पोरानं काडेपेटी काढून अध्यक्षाकडे पाहिलं. "ठेव ती खिशात," अध्यक्ष म्हणाला.

त्यानंतर जे झालं त्यासाठीच मी ही गोष्ट सांगतोय. सामना संपला तरी कुणी उठेना. चौकार मोजून विश्वचषक देतात का, यावर जोराचं भांडण लागलं. दुपारी इंग्लंडच्या बाजूनं बसलेले लोक न्यूझीलंडवर अन्याय झाला म्हणून तावातावानं बोलत होते. स्टोक्सवाल्या आजी म्हणत होत्या, दोघांत वाटून द्यायचा. ज्यांचा त्या चषकाशी काडीचा संबंध नाही, ती माणसं न्यायासाठी रात्री एक वाजता एकमेकांची कॉलर धरायला निघाली होती. आपला संघ खेळत असता तर त्यांना फक्त निकाल दिसला असता. त्या रात्री त्यांना नियम दिसला आणि त्या नियमानं भरडलेली माणसं दिसली. माझ्या मते तो नियम वाईटच होता. ऑक्टोबरमध्ये आयसीसीनं तो काढून टाकला आणि निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर खेळवायचं ठरवलं.

त्याच वर्षीच्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला. मंडळाच्या गणपतीतल्या कबड्डी स्पर्धेचं कुणी नावही काढलं नाही. घरं सावरता सावरता दिवाळी गेली, आणि स्पर्धा जानेवारीत भरली. त्याआधीच्या बैठकीत अध्यक्षानं दोन गोष्टी मांडल्या. पहिली, बरोबरी झाली तर नाणेफेक नाही, पाच-पाच चढाया द्यायच्या, तरीही बरोबरी राहिली तर सुवर्ण चढाई. दुसरी गोष्ट ऐकून मात्र पोरं चमकली. आपण हरलो तरी फायनल संपेपर्यंत मंडळातल्या कुणी मैदान सोडायचं नाही.

याला कारण होतं. यजमान संघ बाहेर पडला की गाव घरी जायचं, अशी तिथली जुनी रीत. बाहेरचे दोन संघ रिकाम्या खुर्च्यांपुढे फायनल खेळायचे, स्पीकरवाला मध्येच वायरी गुंडाळायला घ्यायचा. एका वर्षी तर विजेत्यांना ढाल द्यायला मंडळाचा एकही पदाधिकारी उरला नव्हता, ती पंचमामांनीच दिली होती. जेवणही फक्त घरच्या संघापुरतं शिजायचं.

आणि यजमान हरलेच. उपांत्य सामन्यात नदीपलीकडच्या गावच्या उजव्या कोपऱ्यावरच्या बचावपटूनं मंडळाच्या भरवशाच्या चढाईपटूची शेवटच्या मिनिटाला पकड केली, एका गुणानं सामना गेला. मंडळाची पोरं अंग पुसून, शर्ट घालून परत मैदानाच्या कडेला येऊन बसली. त्यांना बघून गावातली माणसंही बसली.

फायनल नदीपलीकडच्या संघाची आणि तासगावकडच्या एका संघाची. पहिला अर्धा भाग जेमतेमच झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मग तासगावकडच्यांवर लोण चढला, त्यांनी तो फेडला, आणि शिट्टी झाली तेव्हा गुण सारखे. पाच-पाच चढाया सुरू झाल्या. तासगावकडच्यांच्या चौथ्या चढाईत चढाईपटू हात लांब करून फिरला आणि रिकामा परतला, असं पंचानं खुणावलं. तेवढ्यात नदीपलीकडच्या त्याच उजव्या कोपऱ्यानं हात वर केला आणि रेषेबाहेर जाऊन उभा राहिला. त्याच्या खांद्याला बोट लागलं होतं. त्याच्या कप्तानानं कपाळावर हात मारला. त्या एका गुणानं ते फायनल हरले.

सगळ्यांत आधी टाळ्या आल्या त्या मंडळाच्या पोरांच्या बाजूनं. बक्षीस समारंभात मंडळानं उत्कृष्ट पकडीचं बक्षीस त्या कोपऱ्याला दिलं. नंतर हरलेला संघ टेम्पोत चढायला लागला, तेव्हा अध्यक्ष टेम्पोच्या फाळक्याला धरून उभा राहिला.

"जेवल्याबिगर जायचं न्हाय."

"उशीर झालाय दादा, पलीकडं जायाचंय."

"चारी संघांचं शिजवलंय औंदा. उतरा."

समाजमंदिरात पंगत बसली. रस्सा वाढता वाढता अध्यक्षानं त्या कोपऱ्याला विचारलं, की उपांत्य सामन्यात आमच्या गड्यानं मध्यरेषेला बोट टेकवलं होतं का नव्हतं, खरं सांग. कोपरा म्हणाला, नव्हतं. पंचमामा पलीकडच्या पानावरून म्हणाले, टेकलं हुतं, मी बघितलं. कोपरा भाकरी मोडता मोडता थांबला, उठला, आणि दोन पानांमधल्या फरशीवर पाण्यानं रेघ ओढून दाखवायला लागला की पाय कुठं होता आणि हात कुठं. तासगावकडची पोरंही आपापली ताटं घेऊन सरकत जवळ आली.