ओळखीचा पुरावा

मुंबईत एकोणीस वर्षं काढली, पण 'काय, कुठं निघालात?' असं मला कुणी एकदाही विचारलं नाही. डोंबिवलीच्या पुलावर सकाळी एवढी माणसं एकाच दिशेनं धावत असतात, की त्यांतल्या एकाला गाठून 'कुठं?' विचारणं म्हणजे पुरात कृष्णामाईला पत्ता विचारण्यासारखं आहे. शिवाय विचारणारा तिथं थांबलाच, तर उत्तर कानावर पडायच्या आत मागच्यांच्या रेट्यानं तोच गाडीत चढलेला असेल.

२०२३ साली बँकेनं माझी बदली वाईला, म्हणजे माझ्याच गावी केली. स्टँडवर उतरल्यापासून गणपती आळीतल्या घरापर्यंत हा प्रश्न मला सात वेळा विचारण्यात आला. दोन हातांत दोन बॅगा, पाठीवर सॅक, डोक्यावर मे महिन्याचं ऊन. असा माणूस कुठं निघाला असेल? पण 'घरी' हे खरं उत्तर दिलं, की विचारणाऱ्याचं समाधान होत नाही. 'ते झालंच रे, पण बॅगा एवढ्या? कायमचा आलास का? मिसेस दिसत नाहीत? फ्लॅट विकलास का भाड्यानं दिलास?' सातव्या गृहस्थांपर्यंत मी शहाणा झालो होतो. मुलाचं यंदा दहावीचं वर्ष, म्हणून ती दोघं मार्चपर्यंत डोंबिवलीतच, फ्लॅट विकलेला नाही, कर्ज अजून आठ वर्षं आहे, हे सगळं मी न विचारता एका दमात सांगून टाकलं. घरी पोचलो. आईनं दार उघडलं ते असं म्हणतच, "अरे, आठ वर्षं राहिलीत होय अजून कर्जाची?"

डोकं वाईला आलं तरी पाय बरेच दिवस डोंबिवलीतच होते. वाईत झपाझप चालणारा माणूस दोनच कारणांनी चालतो: एक तर घरात कुणी अत्यवस्थ आहे, नाही तर मागं कुत्रं लागलंय. पहिल्याच आठवड्यात तिघांनी 'आईला बरं आहे ना?' म्हणून थांबवलं, आणि चौथ्यानं काही न बोलता माझ्या मागं वाकून पाहिलं. जवळच मेणवलीला 'स्वदेस' या २००४ सालच्या पिक्चरचं शूटिंग झालं होतं. त्यात अमेरिकेतला शाहरुख खान गावात येतो आणि शेवटी नासा सोडून कायमचा परततो. त्याच्या परतण्यात आणि माझ्या परतण्यात तसा फार फरक नाही. फक्त त्याला कुणी गृहकर्जाचं विचारलं नाही.

असो. ही झाली गंमत. पण गमतीच्या आत मला एक खडा लागत होता, आणि कॉमर्सच्या माणसाला खडा लागला की तो कुठल्या खात्यात टाकायचा हे ठरेपर्यंत झोप येत नाही.

मुंबईत माणूस माणसाला ओळखत नाही, ही तक्रार मी लहानपणापासून ऐकत आलो. तिथं राहायला गेल्यावर वाटलं, ओळखत नाही हे खरं, पण तक्रार कशाची? लोकलमध्ये तीन माणसांच्या बाकावर चौथा बसतो. बसतो म्हणजे अर्धा बसतो, उरलेला अर्धा रेल्वेच्या हवाली असतो. चौथ्या सीटचा नियम तिकिटावर छापलेला नाही, कुठल्या कायद्यात असल्याचंही ऐकिवात नाही. येणारा नुसता हात हलवतो आणि तिघं पेपरातून मान वर न काढता सरकतात. तू कोण, कुणाचा, कुठल्या आळीतला, काही नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या बंद झाल्या, त्या रात्री मी फोर्टातून चालत निघून छातीभर पाण्यातून कुर्ल्याच्या पुढं कुठल्या तरी चाळीपाशी पोचलो. एका बाईंनी गॅलरीत बसायला जागा, पुसायला टॉवेल आणि चहा-बटर दिलं. माझ्याआधी तिथं आणखी नऊ जण ओलेचिंब बसले होते. त्या बाईंनी माझं नाव विचारलं नाही, मीही त्यांचं विचारलं नाही. आज ती चाळ शोधायची म्हटली तर मला सापडणार नाही.

तेव्हा माझ्या मनाशी मी असा हिशेब मांडला: मुंबईचा चांगुलपणा हा बेअरर चेक आहे. जो घेऊन येईल त्याला मिळतो. गावचा चांगुलपणा अकाउंट पेयी. कोपऱ्यात दोन रेघा मारलेल्या असतात, आणि ज्याच्या नावाचा असेल त्याच्याच खात्यात जातो. रक्कम मात्र मोठी असते, हेही कबूल केलं पाहिजे.

आता 'कुणाचा तू?' या प्रश्नाला माझं उत्तर आळीत चालणारं आहे, म्हणून मला त्याची गंमत वाटते. उत्तर दिलं की मला खुर्ची मिळते. याच प्रश्नाचं उत्तर दिल्यावर ज्यांना उठून बाहेर उभं राहावं लागलं, त्यांना विचारा. ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकर घटना समितीत खेड्यांविषयी बोलले, ते अज्ञान आणि संकुचितपणा या शब्दांतच बोलले. शाळेत असताना मला ते फार कडक वाटलं होतं. काउंटरवर बसायला लागल्यावर तेवढं वाटेना.

कारण आमच्या शाखेत रांग नसते, अर्धवर्तुळ असतं. काचेला हात जाण्यापुरती जी कमान ठेवलेली आहे, तिच्यातून एका वेळी सात पासबुकं आत येतात आणि प्रत्येकामागून आवाज येतो, "जरा एवढं आमचं घे रे पहिलं." टोकनचं मशीन आहे. लोक टोकन घेतातही. पण देवळातला अंगारा घेतल्यासारखं घेऊन खिशात ठेवतात. त्याचा पुढच्या व्यवहाराशी काही संबंध असतो असं कुणी मानत नाही. मुंबईच्या शाखेत मी एकोणीस वर्षं चेहरे न बघता नंबर पुकारले होते. इथं चेहऱ्यावाचून दुसरं काही दिसतच नव्हतं. त्यात रिझर्व्ह बँकेनं २००२ सालापासून ग्राहक ओळखायचं काम आमच्याकडे दिलेलं. ज्यांच्या आवारातले पेरू चोरताना मी पकडला गेलो, त्या काकूंना मी म्हणायचं, "ओळखीचा पुरावा आणलाय का?" काकू म्हणाल्या, "तुझ्या गुडघ्यावर व्रण आहे तो बघ. आमच्याच कुंपणाचा आहे."

एक म्हातारी मात्र अर्धवर्तुळाच्या बाहेर असे. धोमच्या वरच्या अंगाला कुठली तरी वाडी, तिथून सकाळच्या एसटीनं यायची आणि दुपारची परतीची गाडी चुकली तर पंचाईत. निराधारांच्या अनुदानाचे पैसे काढायचे असत. ती काचेशी कधी पोचलीच नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत मीच तिला हाक मारली, टोकन मागितलं. सतरा नंबर होता. तारीख परवाची होती. तिला वाटलं, एकदा घेतलं की नंबर येईपर्यंत तेच चालतं.

दुसऱ्या दिवसापासून मी नंबरानं माणसं घ्यायला लागलो. चौथ्या दिवशी आईला घाटावर विचारण्यात आलं, की तुमचा मुलगा ओळख का दाखवत नाही? मुंबईची हवा डोक्यात गेली असं वाईत जाहीर झालं. आई रात्री वाढता वाढता म्हणाली, "तुझ्या वडिलांचं नाव आहे रे या गावात. तू ते चालवतोयस का मोडीत काढतोयस?" बी.कॉम.ला याला गुडविल म्हणतात. डोळ्यांना दिसत नाही, पण ताळेबंदात लिहावं लागतं आणि वारसाला आयतं मिळतं. मुंबईत माझं गुडविल शून्य होतं, म्हणून न्यायी असणं मला फुकट पडत होतं. इथं त्याचे पैसे पडायला लागले.

नोव्हेंबरात पेन्शनरांचे हयातीचे दाखले सुरू झाले आणि आमचे गणिताचे सर आले. वय ऐंशीच्या पुढं, टोकन तेवीस, चालू नंबर आठ. या सरांनी दहावीच्या सहामाहीला मला पस्तीसला पास असताना चौतीस दिले होते. वडील भेटायला गेले. एकाच आळीतले, रोज कृष्णेत बरोबर पोहणारे दोघं. सर म्हणाले, "एक मार्क माझ्या खिशात नाही. पेपरात असता तर दिला असता." म्हणजे नंबर डावलून मी त्यांना आत बोलावलं असतं, तर तोच मोठा अपमान झाला असता, असं मी स्वतःला सांगितलं आणि मान खाली घालून आठ, नऊ, दहा पुकारत राहिलो. सर दीड तास बाकावर ताठ बसून होते.

तेवीसला ते आले. अंगठा मशीनवर उमटेना. चाळीस वर्षं खडू धरून रेषा झिजल्या असाव्यात. मग मोबाइलवर चेहरा घ्यायचा प्रयत्न केला, २०२१ पासून तीही सोय आहे. त्यात माणूस जिवंत असल्याची खात्री पटायला डोळ्यांची उघडझाप करावी लागते. "सर, डोळे मिचकावा," असं मी त्यांना म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून त्या माणसाला उद्देशून कधी निघेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी एकदा मिचकावले. यंत्राची खात्री पटली. माझी आधीच पटली होती, कारण फॉर्मवर मी टाकलेली बेरीज त्यांनी उलट्या बाजूनं वाचून दुरुस्त केली होती.

उठताना म्हणाले, "नंबरानं घेतलंस, बरं केलंस." माझी छाती फुगली. "पण एकदा उठून बाहेर यायचं. सर, पाणी हवं का, विचारायचं. त्याला टोकन लागत नाही."

मी लालबुंद झालो. मुंबईत मला नंबर शिकवला होता आणि वाईत पाणी. दोन्ही एका माणसानं एकाच वेळी करायचं असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

इथंच थांबलं असतं तर मी आज मोठ्या समाधानात असतो. पण जानेवारीत आई अंगणात तुळशीपाशी पाय घसरून पडली. मी काउंटरवर, फोन मुका करून ठेवलेला. मी दवाखान्यात पोचलो तोवर सगळं झालं होतं. ज्यांना मी टोकन दाखवून दाखवून उभं केलं होतं, त्याच शेजारच्या आप्पांनी तिला उचलून आपल्या गाडीत घातलं होतं, पेरूवाल्या काकू उशाशी बसल्या होत्या, डॉक्टर जेवणावरून उठून आले होते, एक्स-रे निघाला होता, मनगटाचं हाड मोडलंय आणि प्लास्टर चाललंय. कुणाला काही सांगावं लागलं नव्हतं. आप्पा दारातच फक्त "आपल्या आळीतल्या आहेत" एवढं म्हणाले होते म्हणे.

बाहेर बाकावर दहा-अकरा माणसं होती. पहिल्या नंबरला एक पोरगा होता, विशीचा असेल. ऊस तोडायला बीडकडनं आलेला, कोयता लागून हात कापलेला, त्यावर गुंडाळलेला टॉवेल लाल झालेला. सकाळपासून बसला होता. मला तिथं उभं बघून तो सरकला. "बसा की. आई हायत का तुमच्या?" मी बसलो. अर्धा बसलो.

लाभ घेणाऱ्याचं खातं नावे आणि लाभ देणाऱ्याचं जमा, हे आम्हाला पहिल्या वर्षाला घोकवलं होतं. घेणारी माझी आई. देणारे म्हणून सगळं गाव डॉक्टरांचं आणि आप्पांचं नाव लिहील, मीही चारचौघांत तेच लिहिलं. पण आईला मिळालेला अर्धा तास कुणाच्या खात्यातून आला, हे मला त्या बाकावर बसल्या बसल्या दिसत होतं. आत जाऊन 'याला आधी घ्या' म्हणता आलं असतं. आईचा हात त्यांच्या हातात होता. मी म्हणालो नाही. आणि पुन्हा तशीच वेळ आली तर म्हणेन, अशी खात्री देण्याइतका मी धीट नाही. आई कण्हत असताना माझ्या डोक्यात नंबर येत नाही, त्या पोराची आई तिकडे बीडला असते एवढंच.

नंतर त्याला सात टाके पडले. त्याच्या औषधांचे पैसे मी दुकानात देऊन टाकले. तो नको नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. नाव विचारायचं राहून गेलं. मुंबईची सवय.

सोमवारी कामावर गेलो. अर्धवर्तुळ जमलं, पण सगळ्यांनी आधी 'आई कशी आहे?' विचारलं. मग कमानीतून आप्पांचं पासबुक हळूच आत आलं. आप्पांचं टोकन एकतीस होतं आणि माझ्यापुढं अकरा नंबर चालू होता. बाराचं टोकन वाडीवरच्या म्हातारीच्या हातात होतं, आजच्या तारखेचं. आप्पांच्या गाडीच्या मागच्या सीटला आईच्या नऊवारीची माती अजून लागलेली असणार. मी काउंटरवरून उठलो, कूलरमधनं पेला भरला, बाहेर येऊन आप्पांच्या हातात दिला आणि पासबुक त्यांच्याच खिशात परत ठेवलं.

आप्पांनी पाणी शांतपणे पिऊन टाकलं, मिश्या पुसल्या आणि सगळ्या बँकेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाणी मिळालं. आता पासबुकाचं काय ते सांग."