वाचून दाखविलेली संमती

महसूल खात्यातील नोकरीत मी हजारो जबान्या नोंदविल्या. प्रत्येकीच्या शेवटी, ती वाचून दाखविली व समजली, अशा अर्थाचे वाक्य लिहून सही किंवा अंगठा घेतला जाई. न वाचता घेतलेला अंगठा मी कधी ग्राह्य धरला नाही. थोरल्या बंधूंच्या बाबतीत मात्र तो नियम मीच मोडला.

दादांचे वय तेव्हा बहात्तर होते. हृदयाच्या तीन रोहिण्या अरुंद झाल्याने बायपास शस्त्रक्रिया ठरली. शल्यविशारदांनी पुतण्याला व मला बोलावून सांगितले, की शंभरात एक-दोन रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर पक्षाघात होतो. वय व मधुमेह पाहता दादांचा धोका थोडा अधिक आहे. हे त्यांच्या कानावर घालावे का, असेही त्यांनी विचारले. त्यांचे मन खचेल, म्हणून आम्ही नको म्हटले. दादांनी सही केली ती कागदाकडे न पाहता, आमच्याकडे पाहून.

हृदयाच्या दुरुस्तीत मेंदूला इजा का व्हावी? उतारवयात, हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या आतल्या बाजूस चरबीचे व चुन्याचे थर साचतात. शस्त्रक्रियेत तिला चिमटा लावताना किंवा नळी जोडताना एखादा कण सुटून मेंदूत पोहोचला, की तेथील रक्तपुरवठा तुटतो. पुढील दिवसांत ठोके अनियमित झाले, तर हृदयात गुठळी होऊनही तेच घडते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील २४ संस्थांमधील २,१०८ रुग्णांच्या पाहणीत सुमारे ६ टक्के रुग्णांच्या मेंदूवर गंभीर परिणाम आढळले. त्यांपैकी निम्म्यांत पक्षाघातासारखे आघात होते. उरलेल्यांत बुद्धी मंदावणे किंवा झटके येणे असे प्रकार होते.

चौथ्या दिवशी सकाळी दादांच्या उजव्या हातातून चहाचा कप निसटला. काय झाले ते सांगू गेले, तर शब्द फुटेना.

आम्ही सांगितले असते, तर त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली असती का? बहुधा नाही. मग निर्णय तोच होणार असताना आमचे काय चुकले? या युक्तिवादाने मी बरेच दिवस स्वतःचे समाधान करीत होतो. पण त्यात एक खोट आहे. मृत्यूचा धोका सर्वांनाच कळतो. जगून वाचा गमावण्याचा धोका निराळ्या जातीचा आहे. तो किती मोठा मानायचा, हे ज्याची वाचा त्यानेच ठरवायचे. ते वजन आम्ही परस्पर केले, आणि तराजूही आमचाच वापरला.

कायदाही हेच सांगतो. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की तातडीचा प्रसंग नसेल, तर सज्ञान व विचारक्षम रुग्णाच्या वतीने आईनेही दिलेली संमती चालत नाही. आणि लाभ, पर्याय व ठळक धोके पुरेसे समजल्यावाचून दिलेली संमती खरी नव्हे.

यावर एक आक्षेप योग्य आहे. काहींना सर्व जाणून घेणे नको असते. 'तुम्ही ठरवाल ते करा' असे ते म्हणतात. त्यांचा तो अधिकार मानलाच पाहिजे. परंतु न जाणण्याची इच्छाही त्यांनाच विचारायला हवी. आपल्या घरांतून वडीलधाऱ्यांना जपण्याची जी रीत आहे, तिच्यात माया खरी असते. मात्र जपता जपता आपण त्यांना अज्ञान मुलासारखे वागवू लागतो.

वर्षभराच्या सरावानंतर दादांची वाचा बरीचशी परतली. एका संध्याकाळी मी त्यांना सारे सांगितले. ते रागावले नाहीत. एकेक शब्द जुळवीत म्हणाले, "हो... म्हटलंच असतं मी. पण आदल्या रात्री... तुझ्या वहिनीशी... बोललो असतो."

त्या रात्री आम्ही त्यांच्यापाशी बसून क्रिकेटच्या गप्पा मारल्या होत्या. निर्णय बदलला नसता, हे खरे. पण त्यांची ती एक रात्र आम्ही घेतली, ती परत देता येत नाही.

आता ते डाव्या हाताने सही करतात. बँकेचा साधा कागद असला, तरी आधी मला वाचायला सांगतात. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवितो.