असईचा प्रवक्ता

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की वाटेत बदनापूर स्टेशन लागतं. गाडी थांबते, चार माणसं चढतात, दोन उतरतात, गाडी पुढे जाते. २१ सप्टेंबर १८०३ रोजी याच बदनापुरात दोन इंग्रज अधिकारी नकाशा पुढ्यात घेऊन बसले होते. एक कर्नल स्टीव्हन्सन. त्यानं तीनच आठवड्यांपूर्वी जालन्याचा किल्ला घेतला होता. दुसरा मेजर जनरल आर्थर वेल्स्ली, वय चौतीस. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांचा तळ भोकरदनकडे असल्याची बातमी हरकाऱ्यांनी आणली होती. ठरलं असं, की डोंगरातून दोघांनी दोन वाटांनी जायचं आणि २४ तारखेला एकत्र हल्ला करायचा.

वेल्स्लीनं २३ लाच लढाई केली. एकट्यानं. स्टीव्हन्सन अजून वाटेतच होता.

हा माणूस पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूवर त्यानं नेपोलियनला हरवलं, पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला. ती कारकीर्द सगळ्यांना ठाऊक आहे आणि ती इथं सांगायची नाही. मला त्याच्या दुसऱ्या कारकिर्दीबद्दल बोलायचं आहे, लढाई संपल्यावर सुरू होणाऱ्या. लष्करी प्रवक्ता हे पद तेव्हा नव्हतं. सेनापती लढायचा आणि रात्री दिव्यापाशी बसून स्वतःच लिहायचा. ते लिहिणं म्हणजे खलिता. तो वरिष्ठांकडे जाई, मग छापखान्यात, मग इतिहासाच्या पुस्तकात. वेल्स्लीच्या बाबतीत 'वरिष्ठ' म्हणजे गव्हर्नर जनरल, आणि गव्हर्नर जनरल म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ रिचर्ड. घरचाच मामला.

आता त्या दिवसाकडे. पहाटेपासून चालून फौज दुपारच्या सुमारास नळणीला पोचली. तिथं कळलं की शत्रू वाटलं होतं त्याहून पुष्कळ जवळ, केळणा नदीपलीकडे पसरला आहे. हे कसं झालं याचा खुलासा वेल्स्लीनं नंतर कंपनी सरकारचा अधिकारी थॉमस मन्रो याला लिहिलेल्या पत्रात केला, कारण मन्रोनं त्याला मित्र म्हणूनच पण सरळ विचारलं होतं, की स्टीव्हन्सनची वाट का पाहिली नाहीस. खुलासा मोठा गमतीचा आहे. हरकाऱ्यांनी 'भोकरदन' सांगितलं, साहेबानं भोकरदन गाव धरलं. तळाचं एक टोक भोकरदनला होतं खरं. दुसरं टोक पूर्वेला, कोसांच्या अंतरावर, असईजवळ होतं. आपल्याकडे अजूनही कुणाला गाव विचारलं तर तो तालुका सांगतो. वाडीवरचा माणूस मुंबईत 'मी भोकरदनचा' म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. हरकारेही खोटं बोलले नव्हते.

नदी ओलांडायची कुठून, हा पुढचा पेच. वाटाडे म्हणाले, उतार नाही. वेल्स्लीला पलीकडे एक गाव दिसलं, अलीकडे एक. इंग्रजी कागदांत ती पीपलगाव आणि वारूर अशी येतात, म्हणजे आपलं पिंपळगाव आणि वरूड. दोन गावं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसली असतील तर माणसांची येजा असणार, आणि येजा असेल तर उतार असणारच. तसंच निघालं. पुढे म्हातारपणापर्यंत ही गोष्ट तो साधी अक्कल म्हणून सांगत असे. मला मात्र त्या वाटाड्यांबद्दल कुतूहल आहे. नदीकाठची माणसं. त्यांना उतार माहीत नसेल? की माहीत होता आणि सांगायचा नव्हता? इंग्रजी हकिगतीत ते अडाणी ठरले. त्यांच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं.

केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात लढाई झाली. जुई हे नाव आज त्या भागात ऐकू येतं ते दानापूरच्या धरणामुळे. वेल्स्लीकडे प्रत्यक्ष लढणारे साडेचार हजारांच्या आसपास, त्यांतले निम्म्याहून अधिक मद्रासी शिपाई. समोर बिनकवायती घोडदळ तर हजारोंनी होतंच, पण खरी धास्ती होती ती शिंद्यांच्या कंपूंची: दहा हजारांवर कवायती पायदळ आणि शंभराच्या घरात तोफा. त्यांचा मुख्य अधिकारी पोलमन नावाचा हॅनोव्हरचा जर्मन. आणि इंग्रजांच्या बाजूला, नदीच्या दक्षिण काठावर पहाऱ्याला, म्हैसूरचे आणि बाजीराव पेशव्यांचे स्वार. त्या मोहिमेत पेशव्यांतर्फे वेल्स्लीबरोबर बापू गोखले होते. हेच बापू गोखले पुढे १८१८ मध्ये आष्टीला इंग्रजांशी लढताना पडले. असईच्या दिवशी कोण कुणाचं होतं, हे आजच्या चष्म्यातून पाहायला गेलं की डोकं गरगरतं.

लढाई तीनेक तासांत संपली. ७४व्या पलटणीचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले, कारण ऑरॉक नावाचा लेफ्टनंट कर्नल चुकून थेट असई गावाच्या तोफांवर चालून गेला आणि ही पलटण त्याच्या मागे गेली. मराठी गोलंदाज तोफेशेजारी कापले जाईपर्यंत हलले नाहीत. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले, पलटणी पुढे सरकल्यावर उठले आणि त्याच तोफा फिरवून त्यांनी पाठीमागून बार काढले. घोडदळाच्या हल्ल्यात कर्नल मॅक्सवेल ठार झाला. खुद्द वेल्स्लीचा डायोमेड हा घोडा भाल्यानं जखमी झाला. शिंदे आणि भोसले लढाई रंगात असतानाच मैदानातून निघून गेले होते.

दुसऱ्याच दिवशी खलिता निघाला.

या खलित्यांचा आणि पत्रांचा मी चाहता आहे हे कबूल करून टाकतो. त्यांत फुशारकी कमी आहे. पुढे आकडे पक्के झाले ते असे: ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता. साडेचार हजारांच्या फौजेतला तिसरा हिस्सा एका दुपारी गेला, आणि हे त्यानं लपवलं नाही. मराठी तोफांचा मारा इतका जबर होता की आपली माणसं पुढे सरकतील की नाही अशी शंका आली होती, हेही त्यानं लिहून ठेवलं. ऑरॉकची चूक त्यानं चूक म्हणूनच सांगितली. पण त्याच दमात असंही म्हटलं, की त्याहून दाट आगीत कुणी माणसं नेली नसतील. प्रवक्त्याचं सगळं कसब या दोन वाक्यांत आहे. दोष मांडला, आणि माणूसही सांभाळला. पुढे १८३४ पासून कर्नल गरवुडनं हे सगळे कागद छापायला घेतले. तेव्हा ज्यांच्यावर ठपका होता त्यांची नावं जागोजाग कोरी सोडली गेली. तेही ड्यूकच्या संमतीनं.

म्हणजे हा सत्यवचनी हरिश्चंद्र होता असं नाही. वॉटर्लूनंतर एका लेखकानं लढाईचा इतिहास लिहायला मदत मागितली, तर यानं त्याला झटकलं. लढाईचा इतिहास म्हणजे नाचाच्या समारंभाचा इतिहास, प्रत्येकाला आपल्यापुरतं आठवतं आणि कोणतं आधी नि कोणतं नंतर हे कुणालाच सांगता येत नाही, असा त्याचा सूर होता. मुद्दा बरोबर आहे. पण मग शेवटी उरतं कुणाचं? ज्यानं पहिल्या रात्री लिहिलं त्याचं. त्याला हे नेमकं माहीत होतं.

मग आपल्या बाजूचं काय? मराठ्यांच्या बाजूचे १,२०० जण मैदानात मरून पडले आणि जखमी मुलूखभर पांगले, असं प्रत्येक पुस्तकात असतं. हा आकडा वेल्स्लीचा आहे. गोलंदाज कसे मेले, तेही इंग्रजांच्याच पत्रांतून कळतं. नेलेल्या तोफा ९८, हीसुद्धा मोजदाद त्यांचीच. आपले मेलेले शत्रूनं मोजले आणि आपल्या माणसांच्या शौर्याचा दाखलाही शत्रूनंच दिला. तो उमदेपणानं दिला हे खरं. तरी हे मनाला लागतं.

कुणी म्हणेल, मराठ्यांना लिहायची सवयच नव्हती. हे साफ चूक आहे. पेशवाईइतका कागद हिंदुस्थानात फार थोड्यांनी खर्चला असेल. पानिपतावर भाऊसाहेबांची बखर आहे, नाना फडणिसांची स्वतःची आठवण आहे, शुजाच्या पदरी असलेल्या काशीराजाची फारसी हकिगत आहे. पानिपत हरूनही आपण ते हरवलं नाही. 'पानिपत झालं' हा वाक्प्रचार झाला, कादंबऱ्या झाल्या. असईच्या वाट्याला यातलं फार थोडं आलं. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकारानं १९९८ मध्ये आपला शार्प नावाचा शिपाई असईच्या रानात लढवला, आणि जगभरच्या वाचकांना जालना जिल्ह्यातलं हे गाव तिथून माहीत झालं. मला यामागचं कारण असं दिसतं: शिंद्यांची ती फौज भाडोत्री अधिकाऱ्यांनी घडवलेली होती. गव्हर्नर जनरलनं त्याच वर्षी जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना पगाराचं आमिष दाखवलं आणि बरेच जण निघून गेले. पोलमनही पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत दिसतो. धनी मैदान सोडून गेलेले, अधिकारी परके. जो गोलंदाज तोफेला धरून राहिला, त्याच्या हाती लेखणी नव्हती. पराभवाची हकिगत लिहिण्यात ज्याचा जीव अडकलेला असतो असा माणूसच त्या फौजेत वरच्या जागी नव्हता.

आज प्रवक्ता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टीव्हीवर एकमेकांवर ओरडणारे पक्षांचे लोक येतात. लष्कराचा प्रवक्ता ही निराळी जात. १९९९ च्या कारगिलच्या दिवसांत कर्नल बिक्रम सिंग रोज पत्रकारांपुढे उभे राहायचे आणि कोणतं शिखर घेतलं, कोणतं अजून घ्यायचं आहे, ते सपाट आवाजात सांगायचे. तेच पुढे २०१२ मध्ये लष्करप्रमुख झाले. २०१६ च्या सर्जिकल स्ट्राइकनंतर लेफ्टनंट जनरल रणबीर सिंग यांनी दिल्लीत वाचलेलं निवेदन असंच कोरडं होतं. त्या कारवाईच्या वेळी नगरोट्याच्या १६ कोअरचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल राजेंद्र निंभोरकर, मराठी माणूस. निवृत्तीनंतर २०१८ मध्ये पुण्यात एका सत्कारात त्यांनी सांगितलं, की वाटेतल्या गावची कुत्री भुंकू नयेत म्हणून जवानांनी बिबट्याचं मूत्र बरोबर नेलं होतं. दिल्लीच्या निवेदनापेक्षा लोकांच्या लक्षात हे जास्त राहिलं. ते मराठी मुलखात सांगितलं गेलं, एवढ्यानंही मला बरं वाटलं.

मे २०२५ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या कारवाईबद्दल कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग यांनी निवेदन केलं, तेव्हा घराघरांत लोक टीव्हीपुढे बसले होते. आपली विमानं पडली का, हा प्रश्न तेव्हा टाळला गेला. काही पडली, हे मेच्या शेवटी सिंगापुरात तेव्हाचे संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी मान्य केलं. संख्या नाही सांगितली. यावर टीका झाली. मला ती अर्धीच पटते. वेल्स्लीचा खलिता कलकत्त्याला जायला दिवस लागत, लंडनला महिने. शत्रू तो वाचत नव्हता. आजचा शत्रू तोच चॅनल पाहतो, त्यामुळे लढाई चालू असताना गप्प बसणं हा प्रवक्त्याच्या कामाचाच भाग आहे. मात्र लढाई संपून साठ वर्षं झाल्यावरही गप्प बसायचं, याला काय म्हणायचं? १९६२ च्या चीन युद्धातल्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारनं अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही. मराठीत त्या पराभवावर मेजर जनरल शशिकांत पित्रे यांनी पुस्तक लिहिलं आणि त्याला नाव दिलं 'न सांगण्याजोगी गोष्ट'. हे नावच पुरेसं बोलकं आहे. सरकारचा प्रवक्ता जिथं थांबतो तिथून पुढे असा एखादा निवृत्त अधिकारी बोलतो, म्हणून आपल्याला थोडं कळतं.

मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हावर आजही हत्ती आहे. तो असईचा हत्ती. कंपनीनं त्या लढाईतल्या पलटणींना मानाचं चिन्ह म्हणून दिलेला. आपल्याच सैन्याच्या टोपीवर, आपल्याच दोन बाजूंच्या माणसांनी एकमेकांना मारलेल्या दिवसाची खूण. कुणाला त्याचा राग येईल, मला येत नाही. ते मद्रासी शिपाईही मेलेच होते, आणि त्यांची निदान पलटण तरी त्यांना विसरली नाही.

भोकरदन, जाफराबाद, जालना भागात जुन्या वाड्यांतून, देशमुख-पाटलांच्या घरांतून मोडी कागदांच्या गाठोड्या अजून माळ्यावर पडलेल्या असतात. वाळवीनं खाल्लेल्या, फडक्यात बांधलेल्या. त्यांत बहुधा जमिनीच्या सनदा नि देण्याघेण्याचे हिशेबच निघतील. पण एखाद्या कागदावर १८०३ सालातली फौजेची येजा, जखमींना दिलेला शिधा, लुटलेल्या कडब्याची तक्रार असं काही असेल. आपल्या घरी असं गाठोडं असेल तर ते रद्दीत घालू नका, देव्हाऱ्यातही ठेवू नका. मोडी वाचणाऱ्या माणसाला दाखवा, नाहीतर संभाजीनगरच्या पुराभिलेख कार्यालयात घेऊन जा.