शब्द कोण पुरवतं?

वरात नाचणगावची असो की पुलगावची, बँडवाल्यानं क्लॅरिनेटवर सिनेमातलं गाणं धरलं की पुढची पोरं नाचता नाचता ओळी म्हणू लागतात. वाजवणाऱ्यानं शब्द एकही दिलेला नसतो. चाल त्याची, शब्द ऐकणाऱ्याच्या पोतडीतले, आणि असं दोघांत मिळून गाणं पुरं होतं.

व्हॅन शिपली, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या गिटारच्या रेकॉर्डी याच भरवशावर चालल्या. मांडीवर आडवी ठेवलेली हवाईयन गिटार, तारांवरून सरकणारा पोलादी तुकडा. पडद्यांवर बोटं दाबून वाजवायच्या गिटारीत स्वर पायरीपायरीनं येतात. इथे एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाता येतं, गळ्यातून मींड निघते तसं. म्हणून हे वाद्य लताबाईंच्या गाण्याला इतकं मानवलं. रेडिओवर दोन कार्यक्रमांमधली फट बुजवायला हे तुकडे लावत, त्यामुळे जाणकारांनी नाक मुरडलं. आवाज कधी कधी किनरा लागे, हे खरंच. पण ऐकणारा गिटार ऐकतच नव्हता, तो लता ऐकत होता.

ब्रिटनमधल्या गिटारवाल्या बीट ग्रुपांना ऐकणाऱ्याच्या शब्दांचा हा आधार नव्हता. लखनौत जन्मलेल्या क्लिफ रिचर्डला साथ करणाऱ्या ‘शॅडोज’नी 1960 च्या जुलैमध्ये ‘अपाची’ काढली. जेरी लॉर्डनची ही चाल ब्रिटनच्या लोकप्रिय रेकॉर्डींच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली, तीही क्लिफच्याच गाण्याला खाली ढकलून. गंमत म्हणजे त्या गाण्यालाही साथ यांचीच होती! ऐकणाऱ्याच्या मनात या चालीचे शब्द असण्याचा प्रश्नच नव्हता. सगळा भार नादावर. म्हणून शॅडोजचा गिटारवादक हँक मार्व्हिन गिटारीला जोडलेली कंपनाची दांडी हलवून स्वर थरथरवतो, प्रतिध्वनीच्या यंत्रातून एका सुरामागे त्याच सुराच्या सावल्या सोडतो. गायकाची रिकामी जागा नादानंच भरायची होती.

पण नादाची फॅशन लवकर जुनी होते. 1963 च्या मार्चमध्ये शॅडोजचं ‘फूट टॅपर’ पहिल्या क्रमांकावर होतं. मेमध्ये तिथे बीटल्स आले. पोरं स्वतःच गाऊ लागली, आणि नुसत्या गिटारीवर उभे राहिलेले कितीतरी ग्रुप दोन-तीन वर्षांत दिसेनासे झाले. आपल्याकडे मात्र सिनेमाची गाणी नवी येत राहिली, तशी गिटारवाल्यांच्या रेकॉर्डीही.

तरी टिकाऊ कोण, याचं उत्तर मला उलटं वाटतं. 1973 मध्ये ‘इन्क्रेडिबल बाँगो बँड’नं ‘अपाची’ ढोलताशांच्या थाटात पुन्हा वाजवली, आणि न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या डीजेंनी तिच्यातला नुसत्या तालाचा तुकडा उचलून त्यावर हिपहॉप नाचवलं. मूळ चाल कुणाची, हे त्यांना ठाऊक असण्याची गरजच नव्हती. शिपलींच्या रेकॉर्डीत मन रमायचं तर आधी ते गाणं पाठ असावं लागतं.