दैव, दोष आणि कारण

मोठा अपघात झाला की आपल्या तोंडून बहुधा दोन वाक्ये निघतात. एक म्हणजे "त्यांची वेळच भरली होती!" आणि दुसरे, "पण चूक कोणाची?" १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान कोसळले. विमानातल्या २४२ जणांपैकी २४१ आणि जमिनीवरची १९ माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर भाईंदरहून चर्चगेटला जाणाऱ्या गाडीत बसावे, तर हीच दोन वाक्ये आलटूनपालटून कानी पडत. चौकशी पुरी होण्याआधीच निवाडा होऊन गेला होता. कोणी तो दैवाच्या माथी मारला, कोणी वैमानिकाच्या. ही उत्तरे परस्परांच्या अगदी विरुद्ध दिसतात खरी. परंतु दोहोंचा परिणाम एकच होतो. उत्तर मिळाल्याचे समाधान वाटते आणि विचार तेथेच थांबतो.

याचा पडताळा पाहण्यासाठी फार दूर जायला नको. मुंबईचा सांताक्रूझचा मोठा विमानतळ आणि जुहूचा लहान विमानतळ हे आकाशातून पाहणाऱ्याला शेजारी शेजारी दिसतात. १५ जुलै १९५३ रोजी बी. ओ. ए. सी. या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जातीचे जेट विमान सांताक्रूझ समजून चक्क जुहूला उतरले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही, आणि नऊ दिवसांनी ते विमान तेथून उडालेही. एका वैमानिकाची गफलत म्हणून हे प्रकरण सहज विसरता आले असते. पण १९ वर्षांनी, २४ सप्टेंबर १९७२ रोजी, जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाने हुबेहूब तीच चूक केली. याही वेळी माणसे वाचली. मात्र विमान धावपट्टी ओलांडून पुढे गेले आणि कायमचे निकामी झाले. एक माणूस चुकला तर दोष त्याचा म्हणता येईल. परंतु वेगवेगळ्या देशांतली, उत्तम शिक्षण घेतलेली दोन माणसे एकाच जागी एकच चूक करतात, तेव्हा प्रश्न त्या जागेलाही विचारायला हवा.

आता याहून दारुण उदाहरण घेऊ. २६ एप्रिल १९९३ रोजी त्या वेळच्या औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, इंडियन एअरलाइन्सचे बोइंग विमान मुंबईकडे निघाले. उन्हाळ्याचे दिवस, विमानात ११८ माणसे. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीडचा रस्ता जातो. त्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाने जमीन सोडली ती उशिरा, आणि त्याचे डावे चाक व इंजिन त्या ट्रकवर आदळले. पुढे विजेच्या तारांना धडकून ते सुमारे तीन किलोमीटरवर कोसळले. ५५ माणसे मरण पावली, ६३ वाचली.

येथे दोषी कोण? ट्रकवाला? तो तर सरकारी रस्त्यावरून आपला माल नेत होता. वैमानिक? विमानाचे नाक उचलण्यास त्यांनी उशीर केला व त्याची रीतही चुकली, असे चौकशीत ठरले. परंतु चौकशी तेवढ्यावर थांबली नाही. उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक नियंत्रित करणे हे विमानतळ प्राधिकरणाचे काम होते आणि ते झाले नाही, असेही तिने नमूद केले. विमान उशिरा उचलले गेले, पण रस्ता मोकळा असता तर? रस्त्यावर ट्रक होता, पण विमान वेळेवर उचलले असते तर? अनर्थ घडला तो दोन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे. आणि त्यांतली एक गोष्ट विमानात नव्हतीच. ती 'कोणी न केलेल्या' कामाच्या रूपाने बाहेर कोठेतरी पडून होती.

यावर कोणी म्हणेल, "असा दोष वाटत गेलात तर शेवटी कोणीच गुन्हेगार उरणार नाही!" शंका रास्त आहे. कारणे शोधणे म्हणजे सर्वांना माफी देणे नव्हे. १९४४ च्या शिकागो करारापासून निघालेला आंतरराष्ट्रीय नियम असा की, विमान अपघाताच्या तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणे हाच असावा, दोष ठरवणे हा नव्हे. न्यायालये आपले काम वेगळे करतातच. हा भेद मला फार शहाणपणाचा वाटतो. शिक्षेची टांगती तलवार असली की माणूस खरे बोलत नाही, आणि खरे कळले नाही तर मेलेल्यांचे मरण फुकट जाते.

फुकट जाणे म्हणजे काय, ते १२ नोव्हेंबर १९९६ च्या चरखी दादरीच्या अपघातात दिसते. दिल्लीजवळच्या आकाशात सौदी आणि कझाक विमाने समोरासमोर आदळली आणि ३४९ माणसे मेली. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आले होते. त्यानंतर भारतात, जवळ आलेल्या विमानाची सूचना वैमानिकाला देणारे यंत्र सक्तीचे झाले. पण अमेरिकेत मोठ्या प्रवासी विमानांना ते १९९३ पासूनच सक्तीचे होते! ज्ञान होते, यंत्र होते. नव्हती ती फक्त निकड. त्या निकडीची किंमत ३४९ जीवांनी मोजली.

हा विचार विमानांपुरता ठेवण्याचे कारण नाही. मीरा रोड आणि भाईंदरच्या दरम्यान कोणी रूळ ओलांडताना गाडीखाली सापडला, की आपण "मरायलाच आला होता" म्हणून मोकळे होतो. पादचारी पूल किती लांब होता, हे कोणी विचारत नाही. घरात भुईनळ्याने पोराचा हात भाजला, की आधी त्याच्या पाठीत धपाटा बसतो. पाण्याची बादली जवळ का नव्हती, हा प्रश्न मागेच राहतो. कारण तो विचारला तर उत्तर आपल्यालाच द्यावे लागते.

दैवाला हात जोडावेत, अपराध्याला शासनही व्हावे. पण त्यानंतर उरतो तो प्रश्न टाळू नये. पुन्हा असे होऊ नये म्हणून माझ्या वाट्याचे कोणते काम राहून गेले आहे? यंदा दिवे लावताना पाण्याची बादली आधी भरून ठेवावी. हे काम लहान असले, तरी आपल्या वाट्याचे आहे.