पदक एकाचें, श्रम अनेकांचे

सेवेला बक्षीस असावें कीं नसावें, हा वाद जुना आहे. परंतु अनेकांनीं मिळून केलेल्या सेवेबद्दल एकालाच बक्षीस मिळावें, हें न्यायाचें आहे काय, असें कोणी विचारलें म्हणजे मन अधिकच घोटाळ्यांत पडतें. अमेरिकेंतील बालवीरांच्या चळवळींत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहतो.

तेथील बालवीराचा सर्वांत वरचा दर्जा म्हणजे 'ईगल स्काउट', अर्थात् गरुड-बालवीर. हा मान प्रथम १९१२ सालीं आर्थर एल्ड्रेड नामक तरुणास मिळाला. १९६५ सालीं त्यास लोकसेवेच्या कामाची अट जोडण्यांत आली. २०१९ पासून मुलींनाही ही वाट मोकळी झाली आहे. एकवीस गुणचिन्हें मिळवून शिवाय हें सेवाकार्य वयाच्या अठराव्या वाढदिवसापूर्वीं पुरें करावें लागतें. कोणी शाळेसाठीं बांकें करितो, कोणी रहदारीची पायवाट नीट करितो. काम धर्मसंस्थेच्या, शाळेच्या किंवा गांवाच्या हिताचें असावें, बालवीर-संस्थेच्या स्वतःच्या लाभाचें नसावें. ज्यांच्यासाठीं तें करावयाचें त्यांची संमति आधीं घ्यावी. आणि उमेदवारानें तें एकट्यानें न उरकतां इतरांचा पुढारी होऊन करावें, असा नियम आहे. किती तास खपावें याचा आंकडा मात्र ठरविलेला नाहीं.

येथें कोणी म्हणेल, "माती वाहिली दहांनीं आणि पदक लागलें एकाच्या छातीवर, हा कोणता न्याय?" शंका रास्त आहे. परंतु आपल्याच गांवची विहीर पाहा. गाळ काढला पाहिजे हें सर्वांस पटतें, तरी वर्षे लोटतात व कोणी दोर हातीं धरीत नाहीं. मग एखादा घरोघर जातो, दिवस ठरवितो, टोपल्या जमवितो, अबोला धरलेल्या दोन घरांना एका रांगेंत उभें करितो, लहान पोरालाही झेपेल असें काम देतो. त्याची टोपली कदाचित् सर्वांत हलकी असेल. तरी त्याच्यावांचून गाळ निघाला नसता. पदक आहे तें या गुणाचें. तें मातीच्या टोपल्यांची मजुरी नव्हे. म्हणूनच "हें मीं केलें" असें म्हणण्याचा अधिकार त्यास पदकानें मिळत नाहीं. "आम्ही केलें" असें ज्याला म्हणतां येत नाहीं, त्यानें पुढारीपण केलेंच नाहीं.

दुसरी शंका याहून खोल आहे. पदकाच्या आशेनें केलेली सेवा ती सेवा कीं सौदा? बांकावर टेकणाऱ्या म्हातारीला विसांवा मिळतोच. करणाराचा हेतु तिला ठाऊक नसतो. हानि झाली तर ती करणाराची होते. परंतु पंधरा वर्षांच्या मुलाचा हेतु सोन्यासारखा निर्भेळ असावा अशी अपेक्षा तरी आपण कां करावी? रोपाला आरंभीं काठीचा आधार देतात. झाड मोठें झाल्यावरही काठी काढतांच तें आडवें झालें, तर त्यानें मूळच धरलें नाहीं असें माळी म्हणेल. बक्षीस ही अशी काठी आहे.

खरें भय निराळें आहे. बापानें पैसा पुरवावा, वडील मंडळींनीं काम उरकावें व मुलानें नुसतें नांव लावावें, असें झालें तर मुलगा एकच धडा शिकतो: दुसऱ्यांचे श्रम ही आपल्या मोठेपणाची पायरी आहे. ज्यांची सेवा करावयाची त्यांनाही न विचारतां त्यांच्या दारीं उपकार नेऊन टाकला, तर तेही पायरीच होतात. यासाठीं आधीं संमति घेण्याचा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांत सेवा घेणाऱ्याची अब्रू राखिली जाते.

तेव्हां वाचकहो, आपल्या गांवांत तरुणांस बक्षिसें देण्याचा प्रसंग आला तर तीन गोष्टी पाहाव्या. ज्यांच्यासाठीं काम झालें त्यांस आधीं विचारलें होतें काय? सोबत्यांचीं नांवें त्यानें आपण होऊन सांगितलीं काय? आणि समारंभ आटोपल्यावर पुढच्या पावसाळ्यांत ती वाट खचली, तर कुदळ घेऊन तो पुन्हा येतो काय? तिसऱ्याचें उत्तर बक्षीस देण्याच्या दिवशीं कळत नाहीं. पण पदक योग्य छातीवर लागलें कीं नाहीं, हें त्यावरूनच ठरतें.